तदर्थ डेटाचे वर्णन कसे लिहावे: दूध संकलनाच्या फाइलपासून हॅस्केलच्या टाइपपर्यंत

जेसॉन किंवा एक्सएमएल स्वरूपातला डेटा वाचायला कोणत्याही भाषेत तयार लायब्ररी मिळते; पण प्रत्यक्ष कामात हाती पडणाऱ्या पुष्कळ फायली अशा प्रमाणित साच्यातल्या नसतात. सर्व्हरचा लॉग, टेलिफोन कंपनीच्या बिलिंगच्या नोंदी, प्रयोगशाळेतल्या यंत्राने ओकलेले आकडे, दूध संकलन केंद्रावरच्या संगणकाने सकाळ-संध्याकाळ लिहिलेली फाइल, या सगळ्यांचे साचे कोणीतरी त्या वेळची गरज भागवण्यापुरते ठरवलेले असतात, आणि ते ठरवणारा माणूस बहुधा आता तिथे नसतो. अशा डेटाला ‘ॲड हॉक डेटा’ म्हणतात. आपण समितीला लावतो तो ‘तदर्थ’ हा शब्द इथेही चपखल बसतो, म्हणून या लेखात तोच वापरला आहे.

तदर्थ फाइल वाचण्याचा रूढ मार्ग म्हणजे प्रत्येक ओळ विभाजक चिन्हावर तोडायची, तुकड्यांचे आकडे करायचे आणि जिथे काही फिसकटेल तिथे एक ‘जर’ वाढवायचा. हा मार्ग दोन-तीन आठवडे चालतो. त्यानंतर फाइलच्या साच्याविषयीचे सारे ज्ञान त्या ‘जर’च्या जंजाळात विखुरले जाते आणि नव्याने आलेल्या माणसाला साचा समजून घ्यायचा तर तीनशे ओळींचा प्रोग्रॅम वाचावा लागतो. डेटा-वर्णन भाषा हा क्रम उलटा करते. आधी साच्याचे वर्णन लिहायचे, तेही प्रोग्रॅममध्ये टाइप (मूल्याचा प्रकार) लिहितो तसे, आणि त्या एका वर्णनातून पार्सर (मजकूर वाचून त्यातले घटक वेगळे करणारा भाग), छापणारे फंक्शन, चुकांची नोंद आणि आकडेवारी अशी सगळी अवजारे काढायची.

या कल्पनेला आकार देणाऱ्या कामांपैकी ‘पॅड्स’ हे काम फंक्शनल प्रोग्रामिंगच्या अभ्यासकाला सर्वांत जवळचे आहे. एटी अँड टी लॅब्जमध्ये कॅथलीन फिशर आणि रॉबर्ट ग्रुबर यांनी ते सी भाषेसाठी उभे केले आणि 2005 साली त्यावरील निबंध सादर झाला. 2006 साली फिशर, यित्झाक मँडेलबॉम आणि डेव्हिड वॉकर यांनी अशा भाषांच्या मुळाशी असलेले एक छोटे कलन (नियमांनी बांधलेली लहानशी गणिती भाषा) मांडले. त्यात प्रत्येक वर्णनाचा अर्थ तीन अंगांनी लावला जातो, तो असा की मेमरीतल्या मूल्याचा टाइप, चुकांच्या टिपणाचा टाइप आणि बाइट वाचून या दोहोंची जोडी देणारे फंक्शन. 2007 साली ओकॅमल या फंक्शनल भाषेसाठी पॅड्सची आवृत्ती आली, आणि पुढे हॅस्केल या तशाच भाषेतही. नवशिक्याने इतिहासातले बाकी सारे विसरले तरी चालेल, पण ही तीन अंगे लक्षात ठेवावीत, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यांच्यावरच उभ्या आहेत.

हाती घेतलेली फाइल

या लेखासाठी एक लहान फाइल तयार केली आहे. एका संकलन केंद्राचे एका सत्राचे दूध तिच्यात नोंदले आहे.

केंद्र;014;कऱ्हाड;12/06/2024;स;3
101;गाय;8.5;3.8;8.6;34.20;290.70
117;म्हैस;4.0;6.8;9.1;52.00;208.00
123;गाय;6.0;-;-;33.00;198.00

पहिली ओळ शीर्षकाची आहे. तिच्यात केंद्राचा क्रमांक, गाव, दिनांक, सत्र (सकाळ म्हणजे ‘स’, संध्याकाळ म्हणजे ‘सं’) आणि पुढे किती नोंदी आहेत तो आकडा आहे. नंतरच्या प्रत्येक ओळीत सभासद क्रमांक, जनावर, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून उरलेले घन घटक), दर आणि रक्कम आहे. शेवटच्या सभासदाच्या दुधाची तपासणी झालेली नाही, म्हणून फॅट आणि एसएनएफच्या जागी आडवी रेघ आहे.

पायरी पहिली: वर्णन लिहिण्याआधी बाइट पाहा

फाइल एडिटरमध्ये उघडून जे दिसते त्यावर विश्वास ठेवू नये. हेक्स स्वरूपात बाइट दाखवणारे कोणतेही साधन घ्यावे आणि निदान पहिल्या काही ओळी, मधल्या काही ओळी आणि शेवटची ओळ पाहावी. ओळीच्या शेवटी एकच बाइट आहे की विंडोजच्या पद्धतीने दोन आहेत, फाइलच्या सुरुवातीला युनिकोडची न दिसणारी खूण आहे का, शेवटच्या ओळीनंतर नवी ओळ सुरू केलेली आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरे वर्णनात लिहावीच लागतात.

मराठी मजकूर असला की आणखी काही गोष्टी तपासाव्या लागतात, आणि इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शकांत त्या क्वचितच सापडतात. फाइल जुनी असेल तर तिच्यातली अक्षरे युनिकोड नसून एखाद्या जुन्या फाँटच्या सांकेतिक मांडणीत असू शकतात. ती पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांसारखी दिसतात आणि पार्स करण्याआधी त्यांचे रूपांतर करावे लागते. फाइल युनिकोडमध्ये असेल तरीही ‘कऱ्हाड’ हा एकच शब्द तीन प्रकारे साठवलेला आढळू शकतो. त्यातला ‘ऱ’ स्वतंत्र अक्षर म्हणून असेल, साधा ‘र’ अधिक नुक्ता असा असेल, किंवा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक अशी मांडणी असेल. पहिली दोन रूपे युनिकोडच्या प्रमाणीकरणाने एक होतात, तिसरे होत नाही. डोळ्यांना तिन्ही जवळजवळ सारखीच दिसतात, तुलनेत मात्र ती निरनिराळी ठरतात, म्हणून गावाचे नाव ओळखीची खूण म्हणून वापरण्याऐवजी केंद्राचा क्रमांक वापरणे शहाणपणाचे.

लांबीचाही प्रश्न आहे. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि मात्रा, हलन्त, अनुस्वार ही स्वतंत्र चिन्हे असतात. ‘गाय’ म्हणजे तीन चिन्हे व नऊ बाइट, तर ‘म्हैस’ म्हणजे पाच चिन्हे व पंधरा बाइट. ठरावीक रुंदीच्या रकान्यांची फाइल असेल तर रुंदी बाइटमध्ये मोजली आहे की चिन्हांमध्ये, हे लिहिल्याशिवाय वर्णन पुरे होत नाही.

पायरी दुसरी: मूळ टाइप ठरवा

मूळ टाइप म्हणजे ज्याचे आणखी तुकडे करायचे नाहीत असा घटक, जसे पूर्णांक, दशांश, तारीख, एखाद्या चिन्हापर्यंतचा मजकूर. प्रोग्रामिंग भाषेतले टाइप आणि हे मूळ टाइप यांत फरक आहे. भाषेतला पूर्णांक मेमरीतला आकडा असतो. वर्णनातला पूर्णांक मेमरीतला आकडा आणि तो फाइलमध्ये लिहिण्याची रीत या दोन्ही गोष्टी सांगतो. केंद्राचा क्रमांक 014 असा लिहिलेला आहे. तो नुसता पूर्णांक मानला तर मेमरीत 14 उरतो आणि परत छापताना पुढचे शून्य हरवते, म्हणून त्याचा मूळ टाइप ‘तीन अंकी क्रमांक’ असा लिहावा. तारखेच्या टाइपमध्ये दिवस आधी की महिना आधी हे स्पष्ट लिहावे, कारण 12/06 ही तारीख दोन्ही रीतींनी वैध आहे आणि चूक झाली तर पार्सर काहीच बोलणार नाही.

लिटर आणि रुपये यांसाठी फ्लोटिंग पॉइंट आकडे वापरण्याचा मोह टाळावा. लिटर दहाव्या भागात मोजून 8.5 ऐवजी 85 ठेवावे आणि दर पैशांत ठेवावा. पुढे रकमेची पडताळणी करताना याचा उपयोग होतो.

हॅस्केलमध्ये मूळ टाइप लिहिणाऱ्या नवशिक्याला दोन तयार फंक्शने हमखास दगा देतात. अंक ओळखणारे नेहमीचे फंक्शन फक्त 0 ते 9 हे आस्की अंक मानते, देवनागरी अंक मानत नाही; आणि अक्षर ओळखणारे फंक्शन ‘ग’ला अक्षर मानते, पण काना, मात्रा आणि हलन्त यांना अक्षर मानत नाही. परिणामी ‘एक किंवा अधिक अक्षरे’ असा पार्सर लिहिला तर तो ‘गाय’ या शब्दातला ‘ग’ वाचून थांबतो. मजकुराचा मूळ टाइप ‘अक्षरे’ असा न लिहिता ‘अर्धविरामापर्यंत, पण ओळीच्या आत’ असा लिहावा. ‘ओळीच्या आत’ ही पुरवणी अत्यावश्यक आहे. ती नसेल आणि एखाद्या ओळीत अर्धविराम राहून गेला असेल, तर मजकूर ओळ ओलांडून पुढच्या सभासदाचा क्रमांक गिळतो, आणि मग एका ओळीतली चूक दोन ओळींत दिसते.

पायरी तिसरी: घटक जोडा

मूळ टाइप जोडण्याचे मार्ग मोजके आहेत आणि ते फंक्शनल भाषेतल्या टाइपशी थेट जुळतात. एकापाठोपाठ एक येणारे घटक म्हणजे रेकॉर्ड, अनेकांपैकी एक म्हणजे पर्यायी टाइप, पुनरावृत्ती म्हणजे यादी, आणि असेल किंवा नसेल असा घटक म्हणजे ऐच्छिक टाइप. म्हणूनच ओकॅमल किंवा हॅस्केल येणाऱ्याला हे वर्णन परके वाटत नाही. आपल्या फाइलचे वर्णन कागदावर असे होईल (ही मांडणी कोणत्याही एका भाषेची नाही, विचार करण्यासाठी आहे):

शीर्षक = “केंद्र;” मग क्रमांक: तीन अंकी, “;” गाव: मजकूर, “;” दिनांक: तारीख दि/म/व, “;” सत्र: सत्रखूण, “;” संख्या: पूर्णांक, ओळीचा शेवट

सत्रखूण = “सं” अथवा “स”

जनावर = “गाय” अथवा “म्हैस”

तपासणी = “-” अथवा एक दशांश स्थळाचा आकडा

नोंद = सभासद: तीन अंकी, “;” जनावर, “;” लिटर, “;” फॅट: तपासणी, “;” एसएनएफ: तपासणी, “;” दर, “;” रक्कम, ओळीचा शेवट

सत्रखुणेत ‘सं’ आधी का लिहिले आहे? पर्याय वरून खाली तपासले जातात आणि पहिला जुळलेला पर्याय स्वीकारला जातो. ‘स’ आधी लिहिला असता तर संध्याकाळच्या फाइलमध्येही तो जुळला असता, कारण अनुस्वार हे ‘स’नंतर येणारे वेगळे चिन्ह आहे, मग अर्धविरामाची वाट पाहणाऱ्या पार्सरसमोर एकटा अनुस्वार उभा राहिला असता. याच कारणाने ‘पूर्णांक अथवा दशांश’ असा पर्याय लिहिल्यास 8.5 मधला 8 वाचला जाऊन उरलेले ‘.5’ लोंबकळत राहते. ज्या पर्यायाची सुरुवात दुसऱ्या पर्यायाने व्यापलेली असते, तो लांब पर्याय आधी लिहावा.

पायरी चौथी: अटी आणि परावलंबन

इथवरचे काम साध्या व्याकरणानेही झाले असते. डेटा-वर्णन भाषेचे वेगळेपण पुढे दिसते, कारण तिच्यात एका घटकाचे वर्णन आधी वाचलेल्या घटकाच्या मूल्यावर अवलंबून राहू शकते. आपल्या फाइलमध्ये असे दोन प्रसंग आहेत.

पहिला प्रसंग नोंदींच्या संख्येचा. शीर्षकात 3 लिहिले आहे, तेव्हा ‘तीन नोंदी वाचा’ असे वर्णन सुचते आणि ते चुकीचेही नाही. पण लिहिणाऱ्याने चौथी नोंद वाढवली आणि शीर्षक बदलायचे राहिले, तर चौथा सभासद ‘फाइलच्या शेवटी उरलेला कचरा’ ठरतो. माझ्या मते तदर्थ डेटात ‘फाइल संपेपर्यंत नोंदी वाचा आणि मग त्यांची संख्या शीर्षकातल्या संख्येइतकी आहे ना ते पाहा’ असे लिहिणे अधिक बरे, कारण मग चौथी नोंद नीट वाचली जाते आणि विसंगतीचा शेरा यादीवर पडतो, सभासदावर नाही. बायनरी फाइलमध्ये मात्र ही मोकळीक नसते; तिथे नोंद कुठे संपते हे संख्येशिवाय किंवा लांबीशिवाय कळतच नाही.

दुसरा प्रसंग रकमेचा. रक्कम म्हणजे लिटर गुणिले दर, ही अट नोंदीच्या वर्णनातच लिहावी. पहिल्या ओळीत 8.5 गुणिले 34.20 म्हणजे 290.70, बरोबर. आता 8.1 लिटर आणि 34.25 दर घेऊन पाहा. गुणाकार 277.425 येतो, म्हणजे 27742 पैसे आणि वर अर्धा पैसा. दुकानी हिशेबाने अर्धा पैसा वर जातो आणि 277.43 होतात. हॅस्केलचे पूर्णांकात आणणारे नेहमीचे फंक्शन मात्र अर्ध्यावर आले की जवळच्या सम संख्येकडे वळते, म्हणून ते 27742 देते आणि 277.42 रुपये होतात. केंद्रावरचा प्रोग्रॅम तिसऱ्याच भाषेत लिहिलेला असेल आणि तो उरलेला भाग सरळ कापत असेल, तर काही ओळींत एका पैशाचा फरक पडेल. अटीत एका पैशाची सूट ठेवायची की केंद्राची रीत शोधून तीच लिहायची, हा निर्णय वर्णन लिहिणाऱ्याचा आहे. पण तो वर्णनात दिसला पाहिजे, कुठल्यातरी फंक्शनच्या पोटात दडता कामा नये.

फॅटच्या मर्यादाही अशाच. गाईच्या दुधाला 3.5 फॅट व 8.5 एसएनएफ आणि म्हशीच्या दुधाला 6.0 फॅट व 9.0 एसएनएफ हे महाराष्ट्रात दर ठरवताना आधाराला घेतले जाणारे आकडे. प्रत्यक्ष दूध त्याच्या खाली-वर असते, म्हणून हे आकडे जशास तसे अट म्हणून लिहू नयेत. जनावरानुसार एक रुंद पल्ला द्यावा आणि त्याबाहेरचा आकडा चूक नव्हे तर संशयित मानावा.

पायरी पाचवी: प्रत्येक मूल्यासोबत शेरा

नवशिक्यांची सर्वांत मोठी गल्लत इथे होते, म्हणून या पायरीवर थोडे थांबू. हॅस्केल शिकलेला माणूस पार्सरचा निकाल ‘चूक किंवा मूल्य’ अशा दोनपैकी एका रूपात लिहितो. प्रोग्रामिंग भाषेच्या कंपायलरसाठी ते ठीक आहे, कारण चुकलेला प्रोग्रॅम चालवायचाच नसतो. पण पाचशे सभासदांच्या फाइलमध्ये एकाची रक्कम चुकली म्हणून बाकी चारशे नव्व्याण्णव जणांचे बिल अडवता येत नाही. तदर्थ डेटात चूक हा डेटाचाच भाग असतो.

आपल्या सरकारी व सहकारी नोंदवह्यांत शेवटी ‘शेरा’ नावाचा रकाना असतो. नोंद तशीच राहते आणि तिच्याविषयी जे सांगायचे ते शेऱ्यात जाते. पॅड्समधले चुकांचे टिपण नेमके हेच काम करते. पार्सर नेहमी मूल्य आणि शेरा अशी जोडी देतो, आणि शेऱ्याचा आकार मूल्याच्या आकारासारखाच असतो. नोंदीला सात घटक असतील तर नोंदीच्या शेऱ्यात त्या सात घटकांचे सात शेरे, वर एकूण चुकांची संख्या, पहिल्या चुकीचा प्रकार आणि तिचे फाइलमधले स्थान.

चुकांचे दोन प्रकार वेगळे ठेवावेत. पुढील दोन ओळी पाहा.

131;गाय;7.0;3.9;8.7;34.50;214.50
117;म्हैस;4.0;;9.1;52.00;208.00

पहिल्या ओळीतला प्रत्येक आकडा नीट वाचता येतो, फक्त रक्कम अटीत बसत नाही, 241.50 लिहिताना अंकांची अदलाबदल झालेली दिसते. ही अर्थाची चूक. इथे 214.50 हे मूल्य तसेच ठेवावे आणि शेऱ्यात अट मोडल्याचे लिहावे. दुसऱ्या ओळीत फॅटच्या जागी काहीच नाही, म्हणजे मूल्यच हाती आलेले नाही. ही रचनेची चूक. तिथे काहीतरी पूरक मूल्य ठेवावे लागते. मात्र शेरा न पाहता ते मूल्य कोणी वापरू नये, म्हणून शून्य ठेवण्यापेक्षा ‘मूल्य नाही’ असा वेगळा पर्याय टाइपमध्येच ठेवलेला बरा.

चुकीनंतर पार्सरने पुन्हा रुळावर कसे यायचे हेही वर्णनात ठरते. घटक वाचता आला नाही तर त्याच ओळीत पुढचा अर्धविराम शोधावा. तो सापडला तर तिथून पुढे चालावे, नाही सापडला तर ओळीच्या शेवटी जावे आणि उरलेल्या घटकांवर ‘वाचलेच नाही’ असा शेरा मारावा. ओळ ही इथली भक्कम सीमा आहे. ज्या डेटात अशी सीमा नसते तिथे एक चूक पुढचे सगळे बिघडवते, आणि तिथे हे तंत्र पुरेसे पडत नाही.

2006 च्या कलनात याविषयी एक सुरेख प्रमेय सिद्ध केले आहे. त्याचा आशय असा की शेऱ्यात चुकांची संख्या शून्य असेल तर मूल्य वर्णनातल्या सगळ्या अटी पाळते. पुढच्या कोडला म्हणून एकच आकडा तपासावा लागतो, अटी पुन्हा तपासाव्या लागत नाहीत.

पायरी सहावी: हे हॅस्केलमध्ये उतरवा

पार्सर म्हणजे उरलेला मजकूर घेऊन मूल्य, शेरा आणि नंतर उरलेला मजकूर देणारे फंक्शन. दोन पार्सर जोडताना मूल्यांचा रेकॉर्ड होतो आणि चुकांच्या संख्यांची बेरीज होते. म्हणजे शेरे एकत्र करण्याची क्रिया मोनॉइडची आहे (बेरजेसारखी, कसेही गट पाडून जोडले तरी निकाल तोच). आधीच्या मूल्यावर पुढचे वर्णन अवलंबून नसेल तर ॲप्लिकेटिव्ह जोडणी पुरते. संख्येवर किंवा जनावरावर पुढचे वर्णन अवलंबून असेल तर मात्र मोनाडची जोडणी लागते. सुरुवातीला चुकांची संख्या, पहिल्या चुकीचे स्थान व तिचा प्रकार एवढाच सपाट शेरा ठेवावा. मूल्याच्या आकाराचा झाडासारखा शेरा नंतर करता येतो.

असे कॉम्बिनेटर (लहान पार्सर जोडून मोठा करणारी फंक्शने) लिहिले की पार्सर मिळतो, पण वर्णन मिळत नाही. फंक्शन चालवता येते, त्याच्या आत डोकावता येत नाही, म्हणून त्याच्यातून छापणारे फंक्शन किंवा आकडेवारी काढता येत नाही. यावर उपाय म्हणजे वर्णन हाच एक डेटा टाइप करणे. मूळ घटक, जोडी, पर्याय, यादी, अट यांसाठी एकेक कन्स्ट्रक्टर असलेला जीएडीटी (प्रत्येक कन्स्ट्रक्टरचा टाइप वेगळा नोंदू देणारा डेटा टाइप) लिहावा, ज्याच्या टाइपमध्ये मिळणाऱ्या मूल्याचा टाइप नोंदलेला असेल, आणि मग त्यावर तीन निरनिराळी फंक्शने लिहावीत, एक वाचणारे, एक छापणारे आणि एक आकडेवारी करणारे. परावलंबी जोडणीचा कन्स्ट्रक्टर मात्र आपल्या पोटात एक फंक्शन बाळगतो आणि प्रत्यक्ष मूल्य मिळेपर्यंत त्याच्या पलीकडचे वर्णन दिसत नाही. म्हणून परावलंबन लागेल तिथेच वापरावे, सवय म्हणून नाही. नोंदींची संख्या अटीत टाकण्यामागे हेही एक कारण होते.

पॅड्सच्या ओकॅमल आवृत्तीने वेगळा मार्ग घेतला. तिथे वर्णन स्वतंत्र भाषेत लिहितात आणि कंपायलर प्रत्येक वर्णनापासून एक मॉड्यूल तयार करतो, ज्यात मूल्याचा टाइप, शेऱ्याचा टाइप, पार्सर आणि छापणारे फंक्शन असते. हॅस्केलच्या आवृत्तीत वर्णन क्वासीकोटेशनच्या (प्रोग्रॅमच्या आत दुसऱ्या भाषेतला मजकूर लिहू देणाऱ्या सोयीच्या) कंसात मूळ प्रोग्रॅममध्येच लिहितात आणि टेम्प्लेट हॅस्केल कंपाइल करतेवेळी त्याचे टाइप व फंक्शने बनवते. शिकण्यासाठी मी जीएडीटीचाच मार्ग सुचवेन, कारण त्यात सगळे यंत्र डोळ्यांसमोर असते. कामाच्या ठिकाणी मोठ्या साच्यांसाठी ओपन ग्रिड फोरमचे डीएफडीएल हे प्रमाण आणि स्कालामध्ये लिहिलेले अपाचे डॅफोडिल, किंवा बायनरी साच्यांसाठी कैताई स्ट्रक्ट, यांचाही विचार करावा.

पायरी सातवी: आकडेवारीला वर्णन तपासू द्या

पहिले वर्णन जवळजवळ नेहमीच थोडे चुकीचे असते, आणि कुठे चुकले हे ओळी चाळून कळत नाही. म्हणून प्रत्येक घटकासाठी किती मूल्ये बरोबर आली, किती चुकली, किमान, कमाल आणि सर्वाधिक वेळा आलेली मूल्ये कोणती, एवढे मोजणारे फंक्शन आधी चालवावे. फाइल मोठी असेल तर हॅस्केलच्या आळशी गणनेमुळे नोंदी एकेक करून येतात आणि मेमरी भरत नाही. बेरजेसाठी मात्र तत्काळ गणना करणारा फोल्ड (यादी एका मूल्यात आटवणारे फंक्शन) वापरावा, नाहीतर न केलेल्या बेरजांचाच डोंगर साठतो.

वेब सर्व्हरच्या लॉगचे उदाहरण पॅड्सच्या सुरुवातीच्या निबंधातही आहे. त्या साच्यात शेवटचा घटक पाठवलेल्या बाइटची संख्या असतो आणि तो पूर्णांक म्हणून लिहावा असे कोणालाही वाटेल. आकडेवारी काढली की त्याच घटकात चुका साचलेल्या दिसतात, कारण काहीच बाइट पाठवले नसतील तर सर्व्हर शून्याऐवजी आडवी रेघ लिहितो. ही माहिती सर्व्हरच्या दस्तऐवजात असते खरी, पण ती तिथे शोधावी हे सुचायला आधी चुकांचा आकडा दिसावा लागतो. आपल्या दुधाच्या फाइलमधल्या रेघेचाही अर्थ असाच विचारून घ्यावा: तपासणी झाली नाही, की यंत्र बंद होते, की नमुना नासला? या तिन्ही कारणांना एकच रेघ असेल, तर वर्णनातही एकच पर्याय राहील.

नमुन्याच्या फायलींवरून वर्णनाचा मसुदा आपोआप तयार करण्याचे तंत्रही 2008 साली पॅड्सच्याच मंडळींनी मांडले. मसुदा म्हणून ते उपयोगी आहे, पण 12/06 मधला महिना कोणता हे नमुन्यावरून कोणत्याही यंत्राला ठरवता येणार नाही.

पायरी आठवी: ये-जा करून पाहा

दोन चाचण्या लिहाव्यात. एक म्हणजे ज्या फाइलमध्ये चूक नाही ती वाचून परत छापल्यावर प्रत्येक बाइट जशाचा तसा यावा. दुसरी म्हणजे क्विकचेक या हॅस्केलच्या चाचणी-लायब्ररीने यादृच्छिक नोंदी तयार करून त्या छापाव्यात आणि परत वाचल्यावर तीच मूल्ये मिळावीत. 014 चे 14 होणे, 34.20 चे 34.2 होणे, ओळीच्या शेवटच्या दोन बाइटांपैकी एक गळणे, या साऱ्या गोष्टी पहिल्या चाचणीत लगेच उघड्या पडतात. क्विकचेक मात्र आपण सांगू तीच मूल्ये तयार करते, म्हणून गावाच्या नावात अर्धविराम येऊ शकतो का हा प्रश्न आपणच विचारावा लागतो.

साचा बदलला की

कधीतरी केंद्राचा प्रोग्रॅम नवा येतो आणि लिटरनंतर दुधाच्या तापमानाचा एक रकाना वाढतो. तेव्हा जुने वर्णन मोडून नवे करू नये; ‘नवी नोंद अथवा जुनी नोंद’ असा पर्याय लिहावा, नवी आधी, म्हणजे गेल्या वर्षीच्या फायलीही त्याच प्रोग्रॅमने वाचता येतात. कोणती फाइल कोणत्या साच्याची हे दिनांकावरून ठरवण्याचा मोह होतो, पण सगळी केंद्रे एकाच दिवशी बदलत नाहीत.

ज्या नोंदींच्या शेऱ्यात चूक असेल त्यांच्या मूळ ओळी, बाइट न बदलता, वेगळ्या फाइलमध्ये काढाव्यात आणि प्रत्येकीखाली घटकाचे नाव व चुकीचा प्रकार मराठीत लिहावा: ‘सभासद 131, रक्कम जुळत नाही, गुणाकार 241.50’. ही फाइल केंद्रावरच्या लेखनिकाकडे जाते, तो वही पाहून ओळ दुरुस्त करतो, आणि दुरुस्त ओळ पुन्हा त्याच वर्णनातून आत येते.